वीणेकरी बोलत नसतो

“ताई, परीक्षक दिसले की आधी रामकृष्णहरी म्हणू, का आधी ऐकू येतंय का म्हणून विचारू?”

सारिकाने हे तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी तिच्या कपाळाला बुक्का लावत होते.

“आधी रामकृष्णहरी. त्यांना ऐकू आलं तर ते उत्तर देतील. नाही आलं तरी देवाने ऐकलंच.”

“मार्क देव देणार नाही ना पण. ते दोघं देणार.”

“देवाने मार्क दिले असते,” तिचे वडील नाथाआप्पा पखवाजाला कणीक थापत म्हणाले, “तर तुला परीक्षाच लागली नसती, पोरी.”

दुपारचे पावणेचार झाले होते. खताळ वस्तीवरच्या त्या दोन खोल्यांत आम्ही तिघंच. फोन धान्याच्या पत्र्याच्या कोठीवर दोन विटांच्या बेचक्यात उभा केलेला. सारिका खुर्चीवर, गळ्यात उपरणं, हातात चिपळ्या. मी टाळ घेऊन डावीकडे, आप्पा उजवीकडे. एक शेळी दारात येऊन बघून गेली, तिला आप्पांनी “परीक्षा संपली की ये” म्हणून हाकललं.

सारिका तेव्हा सव्वीस वर्षांची होती. अकराव्या वर्षी जांभळाच्या झाडावरून पाठीवर पडली आणि कंबरेखालचं अंग गेलं. मी गावात पोस्टमास्तर होते. पोस्ट कसलं, मारुतीच्या देवळाजवळची एक खोली, एक टेबल, एक शिक्का. वस्तीवरची पत्रं घेऊन सारिकाच्या घरी जायची वेळ यायची, तेव्हा ती पोरगी खाटेवर पडून रेडिओवरचं कीर्तन ऐकत असायची आणि संपलं की सगळंच्या सगळं मला म्हणून दाखवायची. बुवांच्या खोकल्यासकट. मी काही कीर्तनकार नाही. चाळीस वर्षं मी नुसती ऐकत आलेय. पण ऐकणाऱ्यालाही एक कळतं, कोणाच्या गळ्यातून शब्द येतोय आणि कोणाच्या पोटातून. सारिकाचा पोटातून यायचा.

मग गावात इंटरनेट आलं आणि तिला मंडप मिळाला. दर गुरुवारी दुपारी ती फोनसमोर कीर्तन करायची. सव्वाशे-दीडशे माणसं ऐकायची. सुरतेच्या कारखान्यातल्या बायका, एक ट्रकवाला, नाशकातली एक नर्स. पण सप्ताहात कीर्तनाची सेवा मिळायची तर कीर्तनाच्या पाठशाळेचा दाखला लागतो, आणि पाठशाळा तीन जिल्हे पलीकडे, माडीवर. त्या वर्षी त्यांनी पहिल्यांदाच घरबसल्या परीक्षा ठेवली. बसून कीर्तन केलेलं चालेल, असंही पत्रात लिहिलं होतं. ते पत्र मीच नेऊन दिलं तिला. निवृत्त झाले होते, तरी नव्या पोस्टमनकडून मागून घेतलं. म्हटलं, हे माझ्या हातून जाऊ दे.

चार वाजता फोनवर दोन चेहरे उमटले. एक पांढऱ्या केसांचे महाराज, एक शिक्षिका वाटाव्या अशा चष्म्यातल्या बाई.

“रामकृष्णहरी,” सारिका म्हणाली, आणि मग घाईने, “ऐकू येतंय का?”

दोघंही हसले. “येतंय, बाळ. पाऊण तास तुमचा. करा सुरू.”

तिने नमन असं उचललं की माझ्या हातातले टाळ आपोआप हलके पडले. अभंग लावला, निरूपणाला हात घातला. विषय तिने स्वतः निवडला होता, पंगतीचा. देवाच्या दारच्या पंगतीत वाढपी कुणाचं तोंड बघत नाही, पान बघतो. पान रिकामं दिसलं की वाढतो. “आणि माउली,” ती म्हणाली, “पंगतीत शेवटच्या पानावर बसलेल्याला एकच भीती असते. भूक लागल्याची नाही. भीती असते ती अशी, की भांडं माझ्यापर्यंत येईस्तोवर...”

महाराजांचा चेहरा थांबला. तोंड अर्धं उघडं, एक भुवई वर. त्यावर ते गोल चक्र फिरायला लागलं.

सारिका गात राहिली. आप्पांनी ठेका सोडला नाही. मी टाळ वाजवत एका डोळ्याने फोन बघत होते. मिनिटभराने आवाज आला, तुटका, “... येत नाही... बाळ, आवाज...” आणि परत चक्र.

“थांब,” मी म्हणाले.

“थांबू?”

“थांब जरा.”

तिने चिपळ्या मांडीवर ठेवल्या. फोनवर लिहिलेला निरोप आला: आवाज तुटतो आहे. पावणेपाचपर्यंत आम्ही इथेच आहोत. जोडणी झाली की पुढे सुरू करा.

मी रोहिदासला फोन लावला. रोहिदास मालुंजकर म्हणजे गावाला इंटरनेट देणारा. आधी त्याचं केबल टीव्हीचं काम होतं, मग त्याच खांबांवरून त्याने ही वायर खेचली. आख्ख्या आंबेदऱ्यात दुसरं काही नव्हतं. मोबाइलवर बोलणं व्हायचं, पण त्यावर इंटरनेट चालायचं ते फक्त पाण्याच्या टाकीवर चढलं तर. रोहिदासचा फोन वाजून वाजून बंद पडला. दुसऱ्यांदाही तेच.

आप्पांनी तोवर शब्बीरभाईंना बोलावलं होतं. शब्बीरभाई वीज मंडळात बत्तीस वर्षं वायरमन होते. निवृत्त झाले तरी गावात कुठेही काही विझलं की लोक त्यांनाच हाक मारायचे. ते स्कूटरवरून आले, भिंतीवरच्या इंटरनेटच्या डबीला कान लावल्यासारखं करून बघितलं, बाहेर खांबापर्यंत जाऊन आले.

“वायर धडधाकट आहे, ताई.”

“मग?”

“वरून आवळलंय.”

“म्हणजे?”

“म्हणजे नळाला पाणी आहे, पण कॉक कुणीतरी अर्धा फिरवलाय. वस्तीच्या फाट्यालाच फिरवलाय. गावात चालू आहे सगळं, आत्ता बघून आलो.” ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “बसा स्कूटरवर. रोहिदास तुमचं ऐकतो.”

सारिका खुर्चीवरून म्हणाली, “ताई, पंचवीस मिनिटं आहेत.”

“दहात येते,” मी म्हणाले.

शब्बीरभाईंच्या मागे बसले खरी, पण वस्तीपासून गावापर्यंत मला त्यांच्या पाठीकडे बघवेना. कारण दोन वर्षांपूर्वी ग्रामसभेत मी या माणसाला खाली बसवलं होतं.

तेव्हा रोहिदासने ग्रामपंचायतीच्या खांबांवरून वायर न्यायची परवानगी मागितली होती, तीन वर्षांची. सगळे खूश होते. शब्बीरभाई एकटे उठले, हातात वहीचा फाडलेला कागद.

“परवानगी द्या, माझं काही म्हणणं नाही,” ते म्हणाले. “फक्त ठरावात तीन अटी लिहा. वायरीतून कुणाचं काही जात असेल ते अडवायचं नाही. कुणाचं मागे ठेवून कुणाचं पुढे काढायचं नाही. आणि पहिल्या घराला जसं, शेवटच्या घराला तसंच. वीज अशीच असते. मीटर माणूस बघत नाही. वायर गावाच्या खांबावरून जाणार, दुसरी वायर कुणी आणणार नाही, मग ही गावाचीच चीज झाली.”

रोहिदास खाली मान घालून बसला होता. लोकांनी चुळबुळ केली. आणि मी उठले. मला गावात मान होता, पोस्टताई म्हणायचे, कुणाचं पत्र कधी गहाळ झालं नाही म्हणून.

“भाई,” मी म्हणाले, “रोहिदास दर सप्ताहाला वीणेचा पहारा करतो. वीणा गळ्यात घालणाऱ्याकडून कागद लिहून घ्यायचा? मी परवाच त्याला विचारलंय. वीणा गळ्यात असताना विचारलंय. त्याने मला शब्द दिलाय, शेवटच्या घराला पहिल्यासारखंच मिळेल.”

“तो चांगलाच आहे, ताई,” शब्बीरभाई म्हणाले. “पण तुम्ही पोस्टात कुणाचं पत्र दाबलं नाहीत, ते तुम्ही चांगल्या आहात म्हणूनच का? नियमही होता की. उद्या तुमच्या जागी कुणी वाईट आलं असतं, तरी पत्र पोचलंच असतं.”

हे मला झोंबलं. आज कळतं, त्यात माझा अपमान तसूभरही नव्हता. पण तेव्हा मला वाटलं, माझी आख्खी नोकरी त्यांनी एका नियमाच्या नावावर चढवली. मी म्हणाले, “तुम्हाला वीणेचं काय कळणार, भाई?”

शब्बीरभाईंनी कागदाची घडी घातली, खिशात ठेवला आणि बसले. ठराव बिनअटीचा झाला. त्यानंतर दोन वर्षं ते मला भेटले की “ताई, बरं आहे ना?” एवढंच विचारायचे. पूर्वी चहा मागायचे.

रोहिदासचं ऑफिस देवळाच्या मागे, जुन्या दूध डेअरीच्या खोलीत. आम्ही पोचलो तेव्हा दार उघडं होतं. आत भिंतीवर मोठा टीव्ही, त्यावर कीर्तन चाललेलं. झगमगीत मंडप, कोणी मोठे महाराज, मागे चाळीस टाळकरी. चित्र तुपासारखं वाहत होतं. कोपऱ्यात लिहिलेलं: आंबेदरा भक्तिधारा, थेट प्रक्षेपण. हे रोहिदासचं नवीन चॅनल. सहा महिन्यांपूर्वी त्याने ते काढलं तेव्हा पहिला नारळ माझ्याच हातून फोडून घेतला होता.

“या ताई, या! बसा.” त्याने खुर्ची पुसली. शब्बीरभाई दारातच थांबले. “बघा, कसं दिसतंय. दोन हजारांवर माणसं बघतायत आत्ता. परगावहून फोनवर फोन चालू आहेत, म्हणून फोन आतच ठेवलाय.”

“वस्तीची लाइन बंद पडलीय, रोहिदास.”

“बंद नाही, ताई. जरा हळू आहे. पाच वाजता होईल सुरळीत.”

“सारिकाची परीक्षा चालू आहे.”

“हो का?” तो म्हणाला.

हो का. आदल्याच दिवशी मी याच खोलीत येऊन त्याला सांगून गेले होते. उद्या चार वाजता, लाइनीकडे लक्ष ठेव. तेव्हा छातीवर हात ठेवून म्हणाला होता, “ताई, सारिका म्हणजे माझी बहीणच.”

“काल सांगितलं होतं मी तुला.”

“काल महाराजांचं ठरलं नव्हतं. आज सकाळी ठरलं. लाइव्ह अडकलं तर नाव जातं, ताई. म्हणून थोडा वेळ इकडून तिकडून जरा आवळून घेतलंय. गावठाणात कुणी ओरडलं असतं. वस्ती आपली समजूतदार.”

“अर्धा तास सोड. तिचं पाऊण कीर्तन राहिलंय.”

“मधेच हात लावला तर लाइव्ह थांबेल. दोन हजार माणसांसाठी एकीला थोडं थांबावं लागलं, तर काय बिघडलं? आणि इथेही कीर्तनच चाललंय ना? देवाचंच काम आहे. तुम्ही बसा, ऐका.”

वाईट याचं वाटतं की ते कीर्तन चांगलं होतं. महाराजांनी तान घेतली, चाळीस टाळ एकदम पडले, आणि खाली बघते तर माझ्या पायाने ठेका धरलेला. मी पाय दाबून धरला.

“रोहिदास,” मी म्हणाले, “तू शब्द दिला होतास मला.”

“कसला?”

“शेवटच्या घराला पहिल्यासारखंच. कुणाचं अडवणार नाही. वीणा गळ्यात असताना दिलास.”

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याला खरंच आठवत नव्हतं. मग आठवलं, आणि तो हसला. कुत्सित नाही. लहान मुलाची समजूत घालावी तसा.

“ताई, वीणा गळ्यात असताना मी बोललो काय? वीणेकरी बोलत नसतो.”

आमच्या सप्ताहाचा रिवाज सांगते. सात दिवस वीणा जमिनीला टेकत नाही. दोन-दोन तासांचा पहारा, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात. ज्याच्या गळ्यात वीणा, त्याच्या पाया आख्खं गाव पडतं, मग तो कुणीही असो. आणि तो नामाशिवाय एक अक्षर बोलत नाही. जो पाया पडेल, त्याच्यापुढे तोही मान लववतो. प्रत्येकापुढे.

त्या दिवशी मी रोहिदासच्या पाया पडता पडता विचारलं होतं. त्याने मान लववली होती. खोल, डोळे मिटून. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

“मान तर मी सगळ्यांनाच लववतो की,” रोहिदास म्हणाला. “त्याच दिवशी धोंडीबा पाया पडला आणि म्हणाला, यंदा म्हशीला रेडी होऊ दे. त्यालाही लववली. आता त्याच्या म्हशीला रेडा झाला, तर माझ्याकडे तक्रार घेऊन येणार का तो?”

हा रिवाज मला त्याच्या जन्माआधीपासून माहीत होता.

“आणि ताई, वायर माझी, यंत्र माझं. तिच्यातून आधी काय जाणार ते मी ठरवणार. गावाने काही लिहून घेतलं असतं तर गोष्ट वेगळी. भाई लिहायलाच निघाले होते.” त्याने दाराकडे बघितलं. “तुम्हीच लिहू दिलं नाहीत.”

शब्बीरभाई दारातून म्हणाले, “ताई, चला. साडेचार झाले.”

वाटेत ते एका वळणावर एवढंच म्हणाले, “घट्ट धरा, खड्डा आहे.” ते टोचून बोलले असते तर मला बरं वाटलं असतं.

वस्तीवर पोचलो तर आतून पखवाज ऐकू येत होता. मला वाटलं, लागली लाइन! धावत आत गेले. फोनवर चक्र तसंच फिरत होतं. सारिका कोठीवरच्या त्या चक्रासमोर गात होती. डोळे मिटलेले. पंगतीच्या शेवटच्या पानापाशी आली होती. आप्पा वाजवत होते, आणि त्यांच्या गालावरून पाणी गळ्यापर्यंत आलं होतं.

मी टाळ उचलले. शब्बीरभाई चपला काढून दाराशी बसले. पाच वाजायला दहा मिनिटं असताना तिने शेवटचा अभंग संपवला. मग डोळे उघडून फोनकडे बघितलं. निरोप येऊन पडला होता: वेळ संपली. पुढील वर्षी पुन्हा अर्ज करावा.

“सुरू केलेलं कीर्तन अर्धं टाकत नाहीत ना,” ती म्हणाली. “म्हणून केलं.”

आप्पा पखवाजाची कणीक खरवडत बसले. बराच वेळ.

पाच वाजता चक्र थांबलं. फोन एकदम लख्ख झाला.

“ताई,” सारिकाने विचारलं, “रोहिदासदादाला माहीत होतं का? आज माझी परीक्षा आहे ते?”

तिचा चेहरा मी पंधरा वर्षं बघत आले होते. ज्यांच्यावर माया केली त्यांच्याबद्दल वाईट ऐकायची तिला सवय नव्हती. तिच्या अंगणात येणारी माणसं फार नव्हतीच, होती तेवढी तिला हवी होती.

“नाही गं,” मी म्हणाले. “त्याला कसं माहीत असणार?”

दाराशी बसलेल्या शब्बीरभाईंनी मान वळवली.

पुढच्या वर्षी पाठशाळेने परीक्षा परत माडीवरच घ्यायचं ठरवलं. घरबसल्या फार अडचणी आल्या, असं पत्रात होतं. सारिकाने पत्र वाचलं, घडी घातली, आप्पांना म्हणाली, “आपलीही एक अडचण असेल त्यात.” आणि त्यानंतर तिने गुरुवारचं कीर्तन थांबवलं. कोणी विचारलं तर घसा धरलाय म्हणायची.

रोहिदासशी मी बोलत होते. गावात न बोलून कुठे जाणार? त्याच्या आईच्या दुखण्यात मी जाऊन आले, त्याने माझ्याकडे सत्यनारायणाचा प्रसाद पाठवला. तो काही वाईट वागलाय असं त्याच्या चेहऱ्यावर कधी दिसलं नाही. ते मला जास्त लागायचं. माझ्या घरी रोहिदासची वायर होती, त्यावरून मी कीर्तनं ऐकायचे, आणि ऐकताना मधेच कान काढून घ्यायचे, म्हणायचे, हे आत्ता इतकं छान चालतंय ते कुणाचं आवळून?

मग चैत्रातला सप्ताह आला. परवानगीची तीन वर्षं त्याच महिन्यात संपत होती.

आमच्याकडे दुपारी दोन ते चार वीणेचा पहारा बायकांचा. पाचव्या दिवशी वीणा माझ्या गळ्यात होती. मंडपात ऊन उतरलेलं, चार-पाच टाळकरणी, नाम संथ चाललेलं. रोहिदास आला. चपला लांब काढल्या. माझ्या पायांवर डोकं ठेवलं, नीट, टेकवून. उठता उठता हात जोडून हळूच म्हणाला, “ताई, झालं गेलं पांडुरंगाला. सोमवारी ग्रामसभा आहे. मागच्यासारखंच होऊ द्या, बिनअटीचं. तुमचा पाठिंबा आहे ना?”

माझ्या तोंडात नाम होतं. रामकृष्णहरी, रामकृष्णहरी.

मी मान लववली. खोल, डोळे मिटून.

सोमवारी सभा भरली. अर्ज वाचून झाला. ग्रामसेवकाने विचारलं, कुणाची हरकत? रोहिदास स्वतःच उठला.

“हरकत कसली? पोस्टताईंचा पाठिंबा आहे. परवा वीणा गळ्यात असताना शब्द दिलाय त्यांनी मला.”

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी उठले. गुडघे धरून उठावं लागलं.

“रोहिदास,” मी म्हणाले, “वीणा गळ्यात असताना मी बोलले काय? वीणेकरी बोलत नसतो. तूच शिकवलंस मला.”

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. मग दुसरं कुणी. रोहिदास हसला नाही. तो माझ्याकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर मला माझा तो दिवस दिसला, डेअरीच्या खोलीतला. अगदी तस्साच.

“भाई,” मी शब्बीरभाईंना म्हणाले, “तो कागद आहे का अजून?”

ते उठले. “नाही, ताई. त्याच दिवशी फाडला.”

मी खाली बघितलं.

“पण पाठ आहे,” ते म्हणाले. आणि त्यांनी तिन्ही अटी म्हटल्या, एकेक शब्द सुटा करून. अडवायचं नाही. मागे-पुढे करायचं नाही. शेवटच्या घराला पहिल्यासारखंच. आणि एक ओळ नवीन जोडली, मोडलं तर खांब बंद. ग्रामसेवक लिहीत गेला. हात वर झाले. आप्पांचा पहिला, माझा दुसरा. धोंडीबानेही केला. त्याच्या म्हशीला रेडाच झाला होता.

“भाई,” मी सगळ्यांसमोर म्हणाले, “त्या वर्षी मी तुम्हाला वीणेबद्दल जे बोलले...”

“ते ठरावात लिहू नका, साहेब,” शब्बीरभाई ग्रामसेवकाला म्हणाले, आणि लोक हसले. सभा संपल्यावर ते माझ्याकडे आले. “चहा पाजता का, ताई?”

रोहिदासने सही केली. त्या दिवसापासून अटी पाळतो, पाळाव्याच लागतात. त्याच्यानंतर कोणीही आलं तरी पाळाव्या लागतील. पण गावात समोर आला की तो आता माझ्या पाया पडत नाही. लांबूनच हात जोडतो.

या गोष्टीला आता सात वर्षं होत आली. वस्तीवरची लाइन देवळाशेजारच्या घराइतकीच चालते. सारिका दिवसभर कीर्तनं ऐकते. करत नाही. मी विषय काढला की म्हणते, “ऐकणाऱ्यालाही शिकावं लागतं, तुम्हीच म्हणता ना, ताई?”

सप्ताहाच्या पहाऱ्याच्या यादीत बायका दर वर्षी माझं नाव लिहितात आणि मी ते खोडायला लावते. गुडघे दुखतात म्हणून सांगते. मागच्या वर्षी सारिकाने मला धरलं. आप्पा शेतात गेले होते, आम्ही दोघीच होतो.

“ताई, एक विचारू? रोहिदासदादा पाया पडला आणि तुम्ही मान लववलीत, तेव्हा मनात नाम चालू होतं का तुमच्या?”

“होतं की,” मी म्हणाले.

तिला सांगितलेलं हे दुसरं खोटं.